राखेवरची हळद

आधीच सांगून ठेवतो, यातल्या एका शब्दावरही तुमचा विश्वास बसणार नाही. माझ्यावर विश्वास ठेवणारं माणूस नागपुरात उरलेलंच नाही. जे दोन-चार होते ते पुण्याला नोकरीला गेले. पण ही गोष्ट खरी आहे, आणि तिची साक्षीदार याच खोलीत बसली आहे. ती बघा, खिडकीपाशी, लॅपटॉपमध्ये डोकं घालून. भैरवी. ती काही बोलणार नाही. ही गोष्ट निघाली की ती कधीच बोलत नाही. म्हणून तर मला ती सांगता येते.

नागपूरच्या कडेला, बेसातल्या माझ्या या फ्लॅटवर रविवारी दुपारी मंडळी जमतात. यानांनी पाठवलेले ग्रहांचे कच्चे फोटो इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोकळे पडलेले असतात. ते उतरवून घ्यायचे, स्वच्छ करायचे, त्यांच्यात रंग भरायचा आणि एकमेकांना दाखवायचे. ना पदवी, ना पगार, नुसता नाद. आज मिनल नावाची कॉलेजातली नवी पोरगी आली आणि चप्पल काढता काढताच तिनं भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं.

"काका, हा कोणता ग्रह आहे? अन् त्याच्यावर हा पिवळा माणूस काहून उभा आहे? हळद लावल्यासारखा?"

"बस," मी म्हटलं. "चहा घे. लावल्यासारखा नाही वं, हळदच आहे ती."

खिडकीपाशी लॅपटॉपच्या कळांची टकटक थांबली. मग पुन्हा सुरू झाली.

तर...

भैरवी तेव्हा एका दवाखान्यात एक्स-रे काढायची. आजही काढते. दिवसभर लोकांच्या छात्यांचे करडे फोटो, संध्याकाळी शनीचे करडे फोटो. तिची आई यमुताई कपाळावर हात मारून घ्यायची. "लोक शनी जावा म्हणून तेल वाहतात, अन् आमची पोरगी त्याले डाउनलोड करून घरात आणते!"

एका प्रदर्शनात तिनं आपला शनी मांडला होता. बाहेर ऊन असं, की कावळेसुद्धा आत शिरून पंख्याखाली बसले होते –

"थापा!" मिनल म्हणाली.

बरं, एकच कावळा होता. तर भैरवी फोटो सरळ करत होती, तेवढ्यात मागून आवाज आला.

"मॅडम, तुमच्या शनीचा रंग उतरून राहिला."

तिनं वळून पाहिलं. पांढरा शर्ट, कपाळावर केस, आणि बोटावर गरगर फिरणारी गाडीची चावी. हा ऋषिकेश. बुटीबोरीच्या एका कापड मिलमध्ये कापडाचा रंग नमुन्याशी जुळतो का ते पाहायचं काम करायचा.

"कुठं उतरला?" तिनं विचारलं. थोडं रागानंच.

"हे बघा, कड्यांपाशी. एक लाल ठिपका, बाजूला हिरवा, मग निळा. आमच्याकडे असं कापड निघालं तर साहेब कापडाच्या आधी आमचीच घडी घालते."

"तो डाग नाही. चंद्र आहे."

"तीन चंद्र?"

"एकच आहे हो... हलला तो."

मग तिनं त्याला समजावलं. यानाचा कॅमेरा आपल्या मोबाईलसारखा रंगीत फोटो काढत नाही. आधी लाल काचेतून एक काढतो, मग हिरव्या काचेतून, मग निळ्या. तिन्ही फोटो करडेच. इथे बसून आपण ते एकावर एक ठेवतो, तेव्हा रंग उमटतो. पण तेवढ्या वेळात जे हलतं, ते तिन्ही फोटोंत एका जागी सापडत नाही. त्याची मग रंगीत भुतं होतात.

"म्हणजे जागच्या जागी राहिला असता, तर नीट दिसला असता?"

"हो."

"बिचारा..." चावी क्षणभर थांबली. "कोणाले पाहून हलला असन?"

भैरवीनं हसू दाबलं. नीट दाबता आलं नाही.

पुढच्या रविवारी तो बुटीबोरीहून थेट इथे, माझ्या दारात. त्या दिवशी डांबर इतकं वितळलं होतं, की त्याची चप्पल मिलच्या फाटकाशी चिकटून राहिली आणि तो बेसाला पोचला तरी तिचा पट्टा मागून ताणतच येत होता.

"काका!" मिनल हसत ओरडली.

"विचार तिला."

खिडकीतून मान वळली नाही.

हा माणूस जन्मात कधी एका जागी बसला नव्हता. पाय हलतोय, चावी फिरतेय, मधेच उठून पाणी, मधेच गॅलरी. लहानपणी त्याला पाळण्यात ठेवलं तर पाळण्यालाच चक्कर यायची म्हणतात. पण भैरवीनं डबा उघडून कोथिंबिरीची सांबारवडी पुढे केली, की तेवढ्यापुरता गप्प. ती फ्रेमवर फ्रेम बसवायची, तो रंग सांगायचा. "इथं जरा मळकं पाहिजे... आमच्या गोदामातल्या जुन्या पांढऱ्यासारखं." एका माऊसवर दोन हात यायचे. कोणीच आधी काढायचं नाही.

भांडणही एकच, दर रविवारी तेच. हललेल्या चंद्राचे रंगीत ठिपके दिसले, की हा ते पुसून टाकायचा. स्वच्छ कापडाची सवय! ती त्याचा हात धरायची.

"पुसू नको ना गा."

"काहून? डाग आहे तो."

"डाग नाही. तो हलला म्हणून तर समजते, की तिथं कोणीतरी होतं."

त्यानं मग पुसणं सोडलं. पण ती हात धरते म्हणून पुसायचं नाटक काही सोडलं नाही.

मधल्या काळात भैरवीचा चेहरा उतरलेला असायचा. गिरणीतल्या, खाणीतल्या माणसांच्या छात्या ती रोज पाहायची. काही फोटो बघून तिला कळायचं की हा माणूस पुढच्या खेपेला येणार नाही. त्याला ते सांगायचं काम डॉक्टरांचं. हिचं काम एवढंच, की "हलू नका, श्वास रोखून धरा" म्हणायचं आणि बटण दाबायचं. ते दिवसभर म्हणून म्हणून तिच्या तोंडात बसलं होतं. ऋषिकेशची टवाळी ठरलेली.

"लग्नात अंतरपाट धरला, की भटजीच्या आधी तूच ओरडशील... हलू नका, श्वास रोखा!"

"कोणाच्या लग्नात?"

"आपल्या." पाय हलत होता. नेहमीपेक्षा जोरात. "म्हणजे... तू हो म्हटलं तर."

भैरवी लाल झाली. मग तिच्यातल्या खोडकर पोरीनं डोकं वर काढलं.

"तुले दोन मिनिटं एका जागी राहवत नाही. संसारात राहशील?"

"घे परीक्षा."

"घेते. मी यानासारखा फोटो काढीन तुझा. लाल, हिरवा, निळा. तिन्हीत न हलता उभा राहिलास, एकही भूत निघालं नाही... तर हो."

"अन् हललो तर?"

"तर नाही," ती म्हणाली, आणि तिची नजर त्याच्या शर्टाच्या बटणावर जाऊन बसली. ती नजर पाहून आम्हा सगळ्यांना कळलं, की हलला तरी होच आहे. त्याला मात्र कळलं नाही. प्रेमात पडलेल्या माणसाला सगळं कळतं, तेवढं सोडून.

जागा तिनंच शोधली. शहराबाहेर, वीजघरातून निघालेल्या राखेचा एक जुना, बंद पडलेला तलाव. झाड नाही, पक्षी नाही. दूरपर्यंत करडं, त्याला भेगा पडलेल्या. अगदी परग्रह! राख वरून वाळून पापडासारखी झालेली असते, खाली ओला गाळ किती खोल असतो ते खालीच. काठावर धोक्याची पाटी होती, वाकलेली. या दोघा पोरांनी तिच्यावर पाण्याची बाटली टांगली आणि कामाला लागली.

"तुम्ही पण होते तिथं?" मिनलनं विचारलं.

"मग? कॅमेऱ्यावर छत्री कोणी धरली?"

खिडकीपाशी आता टकटक नव्हती.

तिपाईवर कॅमेरा. भिंगापुढे धरायला तिच्या हातात रंगीत जिलेटिनचे तीन कागद. तो पांढऱ्या शर्टात चालत चालत राखेवर गेला. तिनं हात केला, अजून मागे. तो गेला. अजून थोडा. गेला. मग वळून उभा राहिला, नवरदेवासारखा छाती काढून.

"हलू नको!" ती ओरडली. "श्वास रोख!"

लाल. खट्.

माणूस पुतळा झाला होता. चावी खिशात, पाय जागच्या जागी. जन्मात पहिल्यांदा.

हिरवा. खट्.

तरीही पुतळा. भैरवीचे डोळे भरून आले, ते मी पाहिलं. निळा कागद काही तिच्या हाताला लागेना. वारा होता, कागद कागदाला चिकटला होता. ती हसत होती, खाली बघून नखानं तो सोडवत होती. सुटला. भिंगापुढे धरला, वर न पाहताच बटण दाबलं.

निळा. खट्.

त्या फ्रेममध्ये तो नाही.

मिनल उठून भिंतीपाशी गेली. "म्हणजे लाल अन् हिरव्यात आहे, निळ्यात नाही... लाल अन् हिरवा उजेड मिळून पिवळा." ती अजून जवळ गेली. "अन् त्याच्या पायाशी हा निळा डाग काय आहे? ओलं चमकल्यासारखा?"

"सावली," मी म्हटलं.

"सावली निळी?"

"चहा थंड होऊन राहिला तुझा."

"पण गेला कुठं तो, काका?"

कुठे जाणार! दोन फ्रेम त्यानं कळ काढली. तिसरीला नाही निघाली. पळत सुटला तो, सरळ तिच्याकडे, पायाखालच्या राखेचे ढग उडवत. फ्रेम ओलांडली आणि तिच्या मागे येऊन उभा राहिला, धापा टाकत, शर्टभर राख. म्हणाला, "हरलो मी. नाही म्हणायचं तर म्हण... पण इतक्या दुरून नको. जवळून म्हण." तिनं वळून पाहिलं. पदरानं त्याच्या भुवयांवरची राख पुसली –

"भैरवीताई तर जीन्स घालते, काका."

ओढणीनं. ओढणीनं पुसली. आणि त्याचे दोन्ही हात धरले. अजिबात हलत नव्हते. मी तिथेच होतो, छत्री धरून, तोंड दुसरीकडे करून. तेव्हा ती म्हणाली...

"काय म्हणाली?" मिनल माझ्याकडे वळली. "अन् ते कुठं असतात आता?"

"ड्यूटीवर. बुटीबोरीला. येतच असन. तर ती त्याला म्हणाली –"

"काका."

भैरवीनं लॅपटॉप मिटला होता. ती माझ्याकडे बघत नव्हती, भिंतीकडे बघत होती.

"कॅमेऱ्यामागे मी एकटीच होती."