भेगेवरची काच

आतून कडी नसलेल्या खोलीत शिरू नये, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. जयपूरच्या त्या जुन्या, केव्हाच बंद पडलेल्या वेड्यांच्या इस्पितळात मी आपली खिडक्यांची चित्रं काढायला गेले. वाऱ्याने दार धाडकन लागलं आणि बाहेरचा खटका पडला. "अगं आई गं..." मी किंचाळले.

दार उघडलं ते चुन्याने पांढऱ्या झालेल्या एका उंच मुलाने.

"मराठी आहात? मतलब... आपल्याकडच्या?"

"आधी बाहेर येऊ द्या, मग नातं जोडा," मी म्हणाले.

तो हसला आणि माझी चित्रकला तिथेच आटोपली, खरं सांगते.

कौस्तुभ त्याचं नाव. वडील फौजेत, हा इथल्याच छावणीत वाढलेला. मराठी अडखळत बोलायचा, पण हौस दांडगी. इमारत ठेवायची, पाडायची की तिचं हॉटेल करायचं, यावर सरकारात नुसत्या बैठका चालल्या होत्या. भिंती टिकतील का, ते बघायचं काम ठेक्यावर याच्याकडे आलेलं. त्याची पद्धत मोठी गमतीची. भेगेवर आडवी, पातळ काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवायची. भिंत जरा जरी सरकली, तर काच तडकते. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा... तिन्ही ऋतू टिकली, तर भिंत भरवशाची.

मी पडले कोल्हापूरची, त्यातून बाबांची विम्यातली बदलीची नोकरी. आमच्याकडे टीव्हीचं खोकंसुद्धा टाकत नाहीत. घडी करून पलंगाखाली ठेवतात, पुढच्या गावासाठी. एका भेगेकडे तीन ऋतू बघत बसणारा माणूस मला खुळाच वाटला. आवडला पण.

मग काय, मी शिकवायचे त्या शाळेला सुट्टी असली की मुरलीपुऱ्यातल्या आमच्या घरून माझी स्कूटी तिकडेच पळायची. मी अडकले होते त्या खोलीत एक पट्टी आम्ही दोघांनी मिळून लावली. त्याचा ओला अंगठा माझ्या बोटावर टेकला आणि... बराच वेळ तिथेच राहिला. प्लास्टर धरायला वेळ लागतो, म्हणे. हो का? मला काय कळत नाही?

पण मनातलं काही ओठांवर येईना. शेवटी मीच विषय काढला. तर म्हणाला, इमारतीचं ठरू दे. ती राहिली तर माझं काम राहील, मग तुझ्या बाबांसमोर ताठ मानेने येतो. मला असा राग आला! तरी थांबले. उन्हाळाभर थांबले, पावसाळाही गेला.

संक्रांत झाली आणि बाबांची बदली आली, थेट गुवाहाटीला. आईने पलंगाखालची खोकी ओढली, तशी मी उठून निघाले. बाहेर मावठ लागलेली, म्हणजे इकडचा हिवाळ्यातला पाऊस. आपणही मराठीत मावठंच म्हणतो, हे कळल्यावर कौस्तुभ केवढा खूश झाला होता.

फाटकाशी दोन सरकारी माणसं कुलपावर शिक्का मारायला लाख वितळवत होती. पुढचा आदेश येईपर्यंत इमारत सीलबंद. ठेवायची नाही, पाडायची नाही, नुसती बंद. कौस्तुभ आमच्या त्या खोलीत सामान आवरत होता. डोळे लाल. बदलीचं मी एका दमात सांगून टाकलं.

"माझी शाळेतली नोकरी आहे इथे, खोली घेऊन राहीन," मी म्हणाले. "तू फक्त थांब म्हण."

त्याने भिंतीवरच्या आमच्या पट्टीवरून बोट फिरवलं.

"प्रज्ञा, प्रेम आहे माझं तुझ्यावर... ते दार उघडलं ना, तेव्हापासून. पण कशाच्या जोरावर थांब म्हणू? काम गेलं. हे कधी उघडेल, किसीको नहीं मालूम."

"काच तडकली नाही रे पण."

"नाही तडकली," तो म्हणाला. मग त्याने सामानाची पिशवी खांद्याला लावली.

ज्या शब्दांसाठी वर्षभर जीव टांगला होता, ते मिळाले आणि हातात काहीच राहिलं नाही. मी त्याच्या केसांतला चुना झटकला. दोघं बाहेर आलो. आमच्यामागे फाटक लागलं, लाखेवर शिक्का बसला.

आता गुवाहाटीत खोकी पुन्हा पलंगाखाली गेलीत. ती पट्टी अजून तिथेच असेल. बघायला कुणी नाही. कधी वाटतं, त्या दिवशी फुटलेली दिसली असती तर बरं झालं असतं. एकदाची रडून मोकळी झाले असते.