सतरा नंबरचा बिल्ला

आता बघा, आगबोट ती मुळात साखरेची. वीस वर्षं तिनं पोती वाहिली. लढाई लागली तशी नौदलानं ती मागून घेतली, अंगाला राखाडी रंग फासला, डेकवर दोन तोफा चढवल्या आणि मालाच्या कोठीत रिकामी, तोंडबंद पिंपं खच्चून भरली. पाणबुडीनं भोक पाडलं तरी पिंपांच्या जोरावर बोट तरंगत राहावी, हा हेतू. बोटीवरचा म्हातारा सुतार साखरेच्या दिवसांपासूनचा. तो म्हणायचा, "गरीब गाय होती बिचारी. तिला शिंगं बसवली."

पिंपं भरतानाचा नियम एकच होता. कोठीच्या झाकणाशेजारी एक खिळा. आत उतरणाऱ्यानं आपला नंबराचा पितळी बिल्ला खिळ्याला अडकवायचा, वर आला की काढून घ्यायचा. खिळ्यावर बिल्ला असेपर्यंत झाकण लावायचं नाही. पण माणसं विसरायची, तशीच जेवायला पळायची, आणि मुकादमाच्या शिव्या खायची. सुतार पडला मायाळू. विसरलेला बिल्ला दिसला की गुपचूप काढायचा आणि ज्याचा त्याला नेऊन द्यायचा.

त्याचा जावई त्याच बोटीवर इंजिनाला तेल घालायचा. लेकीला सातवा महिना होता. निघताना ती बापाला म्हणाली होती, "बाबा, दोघं या. एकटे आलात तर दार उघडणार नाही."

निघून तेवीस दिवस झाले होते. कोठीत एक पिंप सुटून आदळायला लागलं. आवाज पाण्यात लांबवर जातो, म्हणून कप्तानानं सुताराला पाचर मारून यायला सांगितलं. भर दुपार, जेवणाची वेळ.

"जेवून जा की, मामा," जावई म्हणाला.

"तू माझ्या वाटणीचं खाऊ नकोस म्हणजे मिळवली, जावईबापू."

सुतारानं आपला एकसष्ट नंबर खिळ्याला अडकवला आणि कंदील घेऊन शिडी उतरला. आत पाऊल ठेवायला जागा नव्हती. पिंपांच्या फटीतून अंग चोरत, छाती घासत तो टोकाशी पोचला. पाचर बसवली. हात पुसतोय तोवर वर दाणकन आवाज झाला आणि उजेड गेला. मग कड्या लागल्या. एक, दोन, तीन, चार.

"अरे, आहे की मी अजून!" तो हसतच ओरडला. धडपडत शिडी चढला आणि झाकणावर हातोडीनं ठोकलं. त्याची ठोकायची लकब होती. दोन सलग, मग जरा थांबून तिसरा. जावई थट्टा करायचा, मामा दार वाजवतात आणि मग विचार करतात, तिसऱ्यांदा वाजवू का नको.

कुणी आलं नाही. आणि कुणी येणार नाही, हे त्यालाच सगळ्यांत जास्त ठाऊक होतं.

ही कोठी बोट निघाल्यापासून वाजत होती. सावकाश, एकसारखे तीन ठोके. सुतारच सगळ्यांना सांगत फिरला होता, "उन्हानं पिंपं फुगतात नि वाजतात. तिकडं लक्ष देऊ नका." पण निघण्याच्या दिवशी खिळ्यावर सतरा नंबर लटकत होता, रंगाऱ्याचा. नेहमीचा विसरभोळा, म्हणून सुतारानं तो काढला आणि द्यायला गेला. रंगारी कुठं दिसेना. परत येतो तर झाकण लागलेलं, दोर सुटलेले. मुकादम म्हणाला, "घाबरून पळाला भित्रा." सुतार तेव्हाच बोलला असता तर... पण जीभ उचलेना. दुसऱ्या दिवशी तर आणखीच उचलेना. सतरा नंबर चिंधीत बांधून त्यानं हत्यारांच्या पेटीच्या तळाशी दडपला होता.

कंदिलाची ज्योत बारीक झाली. अंधारात ओल्या रंगाचा वास आला, टर्पेंटाइनचा. आणि पिंपांच्या मागून, अगदी जवळून... ठक. ठक. ठक.

"रंगारी...?" सुतारानं कंदील तिकडं धरला. "तुझा बिल्ला मी काढला रे... मीच. लेकीला तोंड दाखवायचंय मला... वर गेलो की सगळं सांगतो... शब्द देतो."

ठोके थांबले. किती वेळ गेला कोण जाणे. मग कड्या सरकल्या.

झाकणाशी जावई उभा होता, चेहरा पांढराफटक. "मामा, तुमचा बिल्ला दिसला. वाटलं, वर येऊन जेवायला गेलात नि विसरलात. तुमच्यासारखाच काढून खिशात टाकला, म्हटलं देऊ. आणि आता काढतोय तर..."

त्याच्या तळहातावर सतरा नंबर होता. त्याला लागलेला लाल रंग ओला होता.

"नि तुमचा बघा, परत खिळ्यावर."

सुतारानं त्याच पावली कप्तानासमोर जाऊन सगळं ओकून टाकलं. सहा माणसं पिंपं ओढत राहिली. पार मागच्या भिंतीशी रंगारी सापडला, मुठीत ब्रशची दांडी घट्ट धरलेला. दिवस मावळायच्या आत त्याला सतरा नंबरासकट मानानं पाण्याच्या हवाली केलं. पिंपं परत रचली. सुतारानं आत कुणी नाही ना ते तीनदा बघितलं, आपला एकसष्ट काढून खिशात घातला आणि स्वतःच्या हातानं कड्या लावल्या.

कोठी गप्प झाली. तेवीस दिवसांत पहिल्यांदा. जावई चहा घेऊन शेजारी टेकला. "सुटलात, मामा."

सुतार पेल्याला हात लावणार, तेवढ्यात खालून आवाज आला.

दोन सलग. मग जरा थांबून... तिसरा.

जावयाच्या हातातला पेला तसाच राहिला. "मामा... ही तर तुमची ठोक."

सुतारानं खिसा चाचपला. खिसा रिकामा. खिळ्यावर एकसष्ट नंबर लटकत होता, हळूहळू हलत.

जावई कड्यांकडे झेपावला. सुतारानं त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

"नको," तो म्हणाला. "उघडू नकोस... पिंपं फुगतात नि वाजतात."