फुसकोबाची बदनामी

“त्या मिशीवाल्याचं नाक कापल्याशिवाय मी सुट्टी संपू देणार नाही!” ठिणगी दातओठ खात म्हणाली.

“म्हणजे शाळाच सुरू होणार नाही?” तिच्या धाकट्या भावाने, ढब्बूने, आशेने विचारलं.

जेट्टीवरचा भोंगा सकाळपासून कोकलत होता, “वादळाने आमची लाँच बुडवली! हवामानवाल्या बाईंनी धोक्याचा बावटा आधीच उतरवला होता!” या बाई म्हणजे दोघांची आत्या, आणि कोकलणारा लाँचचा मालक. मिशी लांब, थापा त्याहून लांब! दुपारी बंदरप्रमुख चौकशीला येणार होते. आत्याची नोकरी जायची वेळ आली होती, आणि ठिणगीच्या अंगाचा तिळपापड होत होता.

“आत्या, काल वादळ आलं होतं का गं?”

“कुठलं आलंय! उबदार समुद्रावर ढग जमले, गोल फिरायला लागले. वाटलं, बाळसं धरतंय. तेवढ्यात वरच्या जोरदार वाऱ्याने त्याचं डोकं एकीकडे नेलं, धड राहिलं दुसरीकडे! समुद्रातच विरून गेलं. म्हणून तर बावटा उतरवला. पण वारा मोजायचं यंत्र दुरुस्तीला गेलंय, माझं ऐकणार कोण?”

“फुसकोबा निघालं की!” ढब्बू म्हणाला.

दोघं तडक जेट्टीवर गेली. मिशीवाल्याने तिथे कलंडलेल्या लाँचचा भलामोठा फोटो लावला होता.

“ताई, मागे बघ, आपली गच्ची! अगं बाई, माझी चड्डी!”

“हळू बोल! काल कपड्यांना चिमटे लावले होते का रे?”

“कसे लावणार? सगळे चिमटे नाक दाबायच्या शर्यतीत होते ना!”

ठिणगी गालातल्या गालात हसली. तिला हवा होता तो सूड दोरीवर वाळत होता!

बंदरप्रमुख आले. गर्दी जमली. ठिणगी साळसूदपणे पुढे झाली. “काका, हा फोटो ऐन वादळात काढलात?”

“ऐन वादळात! जीव मुठीत धरून! उभं राहवत नव्हतं, पोरी!”

“माणसाला उभं राहवत नव्हतं, आणि माझ्या भावाची चड्डी चिमट्याशिवाय जागची हलली नाही?”

बंदरप्रमुखांनी चष्मा वर करून फोटो पाहिला. दोरीवरचे सगळे कपडे सरळ खाली लोंबत होते. मग ते लाँच बांधायच्या खुंटापाशी गेले. तिथे दोराचा आखूड तुकडा अजून घट्ट बांधलेला होता.

“भरतीला एवढा आखूड दोर बांधलात? ओहोटीत पाणी उतरलं, लाँच दोराला लटकली, कलंडली आणि पाणी शिरून बुडाली! निष्काळजीपणा तुमचा, आणि बोल बाईंना?”

मिशीवाल्याची मिशी खाली आली. ज्या भोंग्यावरून त्याने आत्याला नावं ठेवली होती, त्याच भोंग्यावरून त्याला माफी मागावी लागली.

“ऐकू आलं नाही! पुन्हा!” ठिणगी ओरडली. त्याने पुन्हा मागितली. तिचा जीव थंड झाला.

“शाब्बास रे वाघांनो!” बंदरप्रमुखांनी दोघांची पाठ थोपटली.

आत्याचे डोळे भरून आले होते. “गुणाची माझी पोरं! पण उद्यापासून चिमटे दोरीवर, नाकावर नाहीत!”

मिशीवाला हळूच सटकायला लागला. ढब्बूने त्याची वाट अडवली.

“थांबा काका! अजून एक माफी राहिली.”

“आता कोणाची?”

“फुसकोबाची! बिचारं इथवर आलंसुद्धा नव्हतं!”