दुसरा रकाना

दिवसाढवळ्याची गोष्ट आहे, म्हणून हलक्यात घेऊ नका.

वेधशाळेच्या तळघरात दादा आणि धाकटी, सख्खे भाऊ-बहीण, पाठीला पाठ लावून बसायचे. क्वेसार म्हणजे आभाळाच्या पार टोकाचा एक धगधगता उजेड. दुर्बीण तो उजेड चिरायची, त्याचा आलेख कागदाच्या पट्टीवर उमटायचा, आणि त्यात एक उंचवटा असायचा, डाव्या खांद्यावर बारीक खाच असलेला. दर महिन्याला दोघांनी त्याची उंची मोजायची. वहीतला पहिला रकाना धाकटीचा, दुसरा दादाचा. एकमेकांचा आकडा बघून लिहायचं नाही, हा तिथला दंडक.

वर्षभर उंचवटा खचत चालला होता.

"म्हातारा झाला गं तो," दादा हसायचा.

"तुझ्यापेक्षा बरा दिसतोय!" धाकटी म्हणायची.

मग एके दिवशी दादाच छातीला हात लावून खाली बसला.

ती डबा घेऊन इस्पितळात गेली, तर डॉक्टरीणबाईंनी पलंगावर हृदयाचे आलेख पसरलेले. घरी पत्ता न लागू देता दादा दर महिन्याला तपासून घेत होता. धाकटीच्या हातातला डबा हातातच राहिला. तोच उंचवटा. उंचवट्याच्या डाव्या खांद्यावर तीच बारीक खाच. महिन्यामागून महिना तसाच खचलेला. तो उजेड तर पृथ्वी जन्मायच्या आधी निघालेला... आणि त्यात तिच्या भावाचं काळीज?

"उद्या ऑपरेशन. होईल नीट," बाई म्हणाल्या.

दादाने मान वळवली. "या महिन्याची पट्टी आली का गं?"

आली होती, सकाळीच. सपाट. नुसती रेघ.

"ढग होते," ती म्हणाली. मोजमापाबद्दल ती पहिल्यांदाच खोटं बोलली.

"ढग..." एवढंच म्हणून तो भिंतीकडे वळला.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशनच्या टेबलावरच दादा गेला.

महिन्याने नवी पट्टी आली. उंचवटा परतला होता, चांगला उंच. फक्त खाच आता उजव्या खांद्यावर होती. धाकटी घरी गेली, ट्रंकेतून स्वतःच्या हृदयाचा जुना आलेख काढला, त्यातली उजव्या खांद्यावरची खाच पाहिली, आणि दिवस कलेपर्यंत तो मांडीवर घेऊन बसून राहिली.

तेव्हापासून ती मोजत नाही. आभाळ कितीही लख्ख असो, पहिल्या रकान्यात "ढग" लिहिते, वही कुलपात घालते, किल्ली गळ्यात अडकवते.

पण पुढच्या महिन्यात वही उघडावी, तर दुसरा रकाना भरलेला. दादाचं तिरकं अक्षर. शाई बोटाला लागते. आकडा दर खेपेला थोडा कमी.

या खेपेला आकड्यापुढे दोन शब्दही होते: "ढग नव्हते."