पान एकसष्टपासून पुढे

पान ३

जिन्यात एकजण कागदांचा गठ्ठा छातीशी धरून खाली येत होता. कानावर पेन्सिल. मी वर निघाले होते, भांडायला.

"अहो, माझ्या गाण्याशेजारी ‘इतकं ओरडायची गरज आहे का?’ असं लिहिणारा शहाणा कुठे बसतो?"

"दुसरा मजला. खिडकीजवळचं टेबल."

गेले. खुर्ची रिकामी. पाच मिनिटांनी तोच वर आला आणि त्या खुर्चीत बसला.

"बोला," म्हणाला. "ओरडलात तरी चालेल."

पान ७

बारा वर्षं मी एका पंक बँडमध्ये गायले. म्हणजे किंचाळले. आता माझ्या चौतिसाव्या वर्षी प्रकाशकांना त्या गाण्यांचं पुस्तक काढायची हुक्की आली. हा त्यांचा मुद्रितशोधक. माझ्या जुन्या वह्यांमधलं अक्षर कुणाला लागेना, म्हणून ठरलं — मी समोर बसून वही मोठ्याने वाचायची, त्याने छापलेल्या पानावर बोट फिरवत चुका शोधायच्या. विरामचिन्हांसकट.

"मला सांभाळू नका स्वल्पविराम मी काचेचं भांडं नाही स्वल्पविराम मी काच आहे उद्गारचिन्ह."

"उद्गारचिन्हं दोन आहेत."

"तेव्हा रागात होते. एक काढा."

"ती होती रागात," तो म्हणाला. "तिची दोन्ही राहू देत."

ती.

पान १९, समास

त्याच्या पेन्सिलीने: "ती इथे फार एकटी आहे. काही हलवू नये."

मी दीड फुटावर बसले होते. मी काय घोळक्यात होते?

पान ३४

ती, म्हणजे वहीतली मी, वीस वर्षांची. ती स्वतःचे केस ब्लेडने कापते. ती घरमालकाच्या दारावर लाथ मारून पळते. मी गुडघ्याला पट्टा बांधून यांचा जिना चढते.

"तुम्हाला ती आवडते," मी म्हटलं.

"कोण?"

"पान चौतीसवाली."

तो हसला... आणि त्याचे कान लाल झाले. मी पान उलटलं, जरा जोरातच.

पान ४०, ४१, ४२

तिची तीन गाणी मी गाळली. कारण दिलं — पुस्तक जाड होतंय. दुसऱ्या दिवशी तिन्ही परत जागेवर! समासात: "ही गेली तर मी राजीनामा देईन."

माझ्यासाठी आजवर कुणी अर्ध्या दिवसाची रजासुद्धा टाकली नव्हती.

पान ४८

(कोरं. या दिवशी मी गेलेच नाही. त्याचा फोन आला. "ती वही..." एवढंच बोलला. मी फोन ठेवला.)

पान ६१

परत गेले तर समोरच्या खुर्चीवरचा दिवा गेलेला. मग खुर्ची त्याच्या बाजूला आली. कोपराला कोपर.

"पाणी देऊ तुला?" तो म्हणाला. तुला!

मी वाचत राहिले. त्याने एकदाही थांबवलं नाही, एकदाही "ती" नाही. आठवडाभर. मला वाटलं, गाण्यांना कंटाळला. तिला नाही, मला.

पान ११२

शुक्रवारी त्याच्या टेबलावर माझा गठ्ठा नव्हता. तो पलीकडे काकूंपुढे होता. काकू म्हणजे तिथल्या सगळ्यात जुन्या मुद्रितशोधक. चष्मा दोरीला, आवाज दोरीबाहेर.

"तुझं पुस्तक आता मी बघणार गं."

मी त्याच्याकडे वळले. "सोडलंस? तिलाही?"

तो दुसऱ्याच कुणाचा गठ्ठा सोडायला लागला.

"एकसष्टवर जे गाणं, तेच बासष्टवर," काकू म्हणाल्या. "अख्खं! पुढे एकोणतीस चुका. या माणसाने नऊ वर्षांत एक अनुस्वार सोडला नव्हता. काय रे, डोळे गहाण ठेवले होतेस?"

"म्हणून काढून घेतलंत?"

"मी कशाला काढून घेऊ? सकाळी त्यानेच आणून दिलं. आमच्याकडे रीत आहे — घरच्या माणसाचं प्रूफ आपण तपासायचं नाही. माझ्या नवऱ्याची कादंबरी मला शिवू दिली नव्हती. डोळा माया करतो, चुका सुटतात."

"पण मी कुठे याच्या घरची?"

काकूंनी चष्मा लावला. "ते त्याला विचार. मला कमी ऐकू येतं."

आता कान माझे लाल.

"खुर्ची इकडे आली ना," तो हळूच म्हणाला, "तेव्हापासून मी कागद बघितलाच नाही. तू स्वल्पविराम म्हणण्याआधी एक श्वास घेतेस... मी त्याचीच वाट बघायचो."

"आणि ती? पान चौतीसवाली?"

"तिच्या साठ पानांत माझ्याकडून एक चूक सुटली नाही." त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "एकही नाही. कळतंय का तुला?"

कळलं. बिचारी. वीस वर्षांची, ब्लेडने कापलेले केस... मला पहिल्यांदाच तिची दया आली. थोडीशीच.

पान ६२

दोनदा छापलेलं गाणं काढलं, आणि हे पान रिकामं झालं.

"इथे नवीन लागेल," तो म्हणाला. "आत्ताचं."

मी त्याच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली. "लिहीन. पण तपासणार कोण?"

"काकू," तो म्हणाला. "मी नाही. यापुढे तुझं काहीच... कधीच नाही."