मास्तरीणबाईंची माळ

शिडी हवी म्हणता? न्या की. मागच्या खोलीत पत्र्याच्या पेटीआड उभीच आहे. धाकटा आत्ताच तिथून तिची लांबी पाहून आला. हात कसले झटकतोस रे? धूळ असेल. बस.

दोन मजली घराच्या वळचणीला सहज पोहोचेल अशी ती शिडी आहे. तुम्ही दोघे भाऊ या हंगामापासून लोकांच्या घरांवर दिव्यांच्या माळा चढवण्याचा धंदा मांडणार, हे ऐकून मला आनंदच झाला. परक्या उंबऱ्यावर उजेड लावणे हे पुण्यकर्म आहे. मात्र शिडी नेण्यापूर्वी तिची हकीकत ऐकून जा. भुताखेतांवर माझी श्रद्धा नाही. माझा भाव एकाच चरणी वाहिलेला आहे आणि तिथे भयाला थारा नाही, असेच मी जन्मभर म्हणत आलो. पण ज्याच्यावर हे ओढवले तो माझ्या साडूचा मुलगा, आणि खोटे रचण्याइतकी कल्पनाशक्ती देवाने त्याला दिलेली नाही.

त्याला सगळे दिवेवालाच म्हणत. बायकोचा भाऊ भागीदार. मेहुण्याच्या अंगात बळ होते आणि जिभेवर काटे. धंद्याची रीत अशी : वर्षअखेर जवळ आली की घराघराच्या वळचणीचे माप घ्यायचे, त्या मापाची माळ जोडायची, आकड्यांत अडकवायची. हंगाम सरला की उतरवून, वेटोळे करून, त्या घराच्या नावाच्या पोत्यात ठेवायची. पुढच्या वर्षी तीच माळ त्याच घरावर. आणखी एक नियम होता. माळेची बोर्डात खोचायची पिन तारेपासून सुटी करून चढणाऱ्याने स्वतःच्या खिशात घालायची, म्हणजे खाली कोणी चुकूनही प्रवाह सोडू नये. तरीही तारेला हात लावण्याआधी वरून विचारायचे, "बंद?" शिडी धरणाऱ्याने बोर्डाकडे पाहून उत्तर द्यायचे, "बंद." उत्तर आल्याशिवाय हात लावायचा नाही.

त्यांचे पहिले गिऱ्हाईक म्हणजे कोपऱ्यावरच्या निवृत्त मास्तरीणबाई. एकट्या राहत. ओसरीवर फळा टांगून गल्लीतल्या मुलांना शिकवीत. बोटे सदा खडूने पांढरी. त्यांच्या समोरच रस्त्यापलीकडे कंत्राटदार राहायचा. दोन्ही घरे एकाच गवंड्याने एकाच नकाशावर बांधलेली, आरशात पाहावीत तशी. कंत्राटदाराने अंगणात उंच भिंत घालून बाईंचे सकाळचे ऊन तोडले, तेव्हापासून उभा दावा.

"भरपूर दिवे लाव," बाई म्हणाल्या होत्या. "त्याच्या डोळ्यांत गेले पाहिजेत."

"बाई, उजेड तरी प्रेमानं लावा," दिवेवाला हसला.

"प्रेमाचे तास मी घेत नाही. गणिताचे घेते." मग त्यांनी त्याच्या मनगटावर खडूचा हात ठेवला. "एक शब्द दे. ही माळ त्याच्या घरावर कधी चढणार नाही. मी असेन तोवरही नाही, नसेन तेव्हाही नाही. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडणं सोपं असतं, म्हणून आत्ताच घेते."

त्याने शब्द दिला. मेहुणा फाटकाशी सिगारेट ओढत होता. बाईंनी त्याला हाकलले आणि स्वतः शिडी धरली. वरून "बंद?" आले की खालून वर्गातल्यासारखे खणखणीत "बंद!" चार हंगाम शिडी त्यांनीच धरली.

पाचव्या हंगामाआधी बाई गेल्या. पुढे-मागे कोणी नव्हते. घराला कुलूप लागले, वीज तोडली, आणि माळ दिवेवाल्याच्या गोदामात पोत्यात पडून राहिली.

ही तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबरची एकोणतीस तारीख. सकाळीच कंत्राटदाराचा फोन आला. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे पाहुणे येणार होते. संध्याकाळपर्यंत घर उजळले पाहिजे. काम चोख झाले तर त्याने बांधलेली सगळी नवी वसाहत दिवेवाल्याची. पण गोदामात नवी माळ उरली नव्हती आणि व्यापाऱ्याचा माल वाटेत अडकला होता.

मेहुण्याने ते पोते ओढून काढले. "माप तंतोतंत. दोन्ही घरं एकाच नकाशाची."

"ती नाही. शब्द दिलाय मी."

"कुणाला? राखेला? ताईला दिवस गेलेत, जावईबापू. मूल जन्मल्यावर त्याला दूध पाजणार का तुमचा शब्द?"

दिवेवाला गप्प बसला. पोरांनो, पाप करणाऱ्यापेक्षा अशी गप्प बसणारी माणसेच जगात जास्त. संध्याकाळी माळ कंत्राटदाराच्या वळचणीला चढली. लखलखली. समोर बाईंचे घर काळेकुट्ट उभे होते.

रात्री अकराच्या सुमाराला फोन खणखणला.

"अरे ए दिवेवाल्या! तुझी माळ विझली! घर सुतकात असल्यासारखं दिसतंय. आत्ताच्या आत्ता ये, नाहीतर वसाहत विसर!"

दोघे गाडी घेऊन गेले. कंत्राटदार गच्चीत शाल पांघरून उभा होता, तिथूनच खेकसला आणि आत गेला. दिवेवाल्याने पिन काढून सदऱ्याच्या खिशात घातली, छातीशी. मेहुण्याने शिडी धरली. गल्लीत चिटपाखरू नव्हते.

तो वर गेला. सांधे चाचपायचे, सैल असेल तो आवळायचा, एवढेच काम.

"बंद?"

"बंद."

पहिला सांधा ठीक होता. तो पुढच्या सांध्याकडे झुकला.

"बंद?"

"बंद."

दुसराही ठीक. आवाज जरा बारीक वाटला. थंडीने मेहुण्याचा घसा बसला असेल, असे त्याच्या मनात आले.

"बंद?"

"बंद!"

खणखणीत.

त्याचा हात तारेवर थबकला. सहज त्याने मान वळवली. रस्त्यापलीकडे, त्यांच्या गाडीशी, एक ठिणगी लाल झाली. विझली. पुन्हा लाल झाली.

मेहुणा तिथे सिगारेट ओढत होता.

मग शिडी...

खाली पाहायचे नाही, असे त्याने ठरवले. मेहुण्याला हाक मारली तर खाली ऐकू जाईल, म्हणून उघडलेले तोंड मिटून घेतले. शिडी तर घट्ट होती. कोणीतरी नीट, दोन्ही हातांनी, सरावाने धरली होती.

चार हंगामांची सवय मोठी वाईट. नको असताना त्याच्या तोंडून निघाले...

"बंद?"

खाली शांतता.

कुठेतरी पाणी ठिबकत होते. थांबले.

मग उत्तर आले. अगदी हळू.

"चालू."

त्याच्या मुठीतली माळ पेटली. त्या टोकापासून या टोकापर्यंत. पिन त्याच्या खिशात होती... छातीला टोचत होती. तरी पेटली. आणि त्या उजेडात त्याने खाली पाहिले.

पांढरा अंबाडा. खाली घातलेली मान. दांड्यांवर दोन हात.

तिने वर पाहिले नाही. शिडी मात्र सरकू लागली. शाळेतला बाक फरशीवरून ओढावा तशी. भिंतीपासून दूर. जराशी... आणखी जराशी...

"उतरवतो," तो पुटपुटला. "बाई... उतरवतो."

शिडी थांबली.

त्याने पहिला आकडा सोडवला. मग दुसरा. तेवढ्यात गच्चीचे दार आपटले.

"काय चाललंय? पेटली ना? मग काढतोस कशाला, गाढवा? ती माळ उतरवलीस तर या गल्लीत पाय ठेवायचा नाही! वसाहतीतही नाही! गावात एक घर मिळू देणार नाही मी तुला!"

दिवेवाला एकेक आकडा सोडवत राहिला. वर शिव्यांचा पाऊस, खाली तो मौनाचा वर्ग, आणि मधे हा. शेवटचा आकडा सुटला तेव्हा माळ विझली.

आरडाओरडा ऐकून मेहुणा धावत आला. "धंदा बुडवायला निघालात का, जावईबापू? आणि शिडी कोणी धरली होती?"

शिडीपाशी कोणी नव्हते.

दिवेवाला खाली उतरला. माळ पोत्यात भरली, रस्ता ओलांडला, कुलूपबंद दाराच्या पायरीवर ते पोते ठेवले आणि मातीला कपाळ टेकले. कंत्राटदाराने आपला शब्द पाळला. पुढच्या हंगामात गावात एकही घर मिळाले नाही. मेहुणा भांडून निघून गेला. आता माझा साडूपुत्र एका दुकानात नोकरी करतो. मुलगी झाली, गोड आहे. शिडीकडे मात्र त्याला पाहवेना. "काका, तुमच्या घरात नामस्मरण आहे, तुम्ही ठेवा," म्हणत तो ती माझ्याकडे सोडून गेला.

तिच्या दोन्ही दांड्यांवर, छातीएवढ्या उंचीवर, बोटांचे ठसे आहेत. चार इकडे, चार तिकडे. पांढरे. त्याने रॉकेलने पुसले. मी स्नान करून, नाम घेत, राखेने घासले. तीन वर्षांत कणभरही निघाले नाहीत. नखाने खरवडले तरी नखाला काही लागत नाही.

न्या शिडी. मी नाही म्हणत नाही. फक्त...

धाकट्या, मघापासून तू पाटलोणीला हात पुसतो आहेस. ये, दिव्याजवळ ये. उघड मूठ.

...

हा खडू तुझ्या तळव्याला कसा लागला?