सात नंबरचा हात

‘वर्तुळ’ या खेळाविषयी त्या वर्षी नऊ लाख लोकांनी मतं नोंदवली. खेळ म्हणजे शाळेच्या मैदानावरचा साधा डॉजबॉल. बाहेरच्यांनी चेंडू मारायचा, आतल्यांनी चुकवायचा, गुडघ्याखाली लागला की बाद. फक्त हे मैदान कुठंच नव्हतं. डोळ्यांवर चष्मा चढवला, मनगटांना आणि घोट्यांना पट्टे बांधले की कुडाळचा म्हातारा, चंद्रावरचा कामगार आणि मंगळावरच्या वसाहतीतली मुलगी एकाच वर्तुळात उभी राहत.

हेमांगी पेडणेकर एका दैनिकात खेळांची परीक्षणं लिहायची. दरवर्षी लोकांची मतं चाळणं हा तिच्या कामाचाच भाग होता. कुणी लिहिलं होतं, चेंडूला वजन वाटत नाही. कुणी लिहिलं होतं, हरलं की मुलं कानात किंचाळतात. त्या गर्दीत एक मत निराळं होतं, शाळेच्या प्रगतिपुस्तकातल्या शेऱ्यासारखं:

“खेळ उत्तम. एक तारा कापला आहे. आमच्या वर्तुळातली सात नंबरची खेळाडू चेंडू न लागता हात वर करते आणि बाहेर जाते. सात नंबर ही माझी मुलगी आहे आणि ती असं करणार नाही. दोष यंत्रणेत असावा. दुरुस्त करावा. विश्राम गावडे, निवृत्त क्रीडाशिक्षक, कुडाळ.”

हेमांगीनं त्यांना फोन लावला. गावडे सर बोलायला उत्सुकच होते. मुलगी ऋजुता सहा वर्षांपूर्वी मंगळावर गेली. तिथल्या हरितगृहांत ती रोपं वाढवते. दर रविवारी चार वाजता बाप इथं अंगणात आणि लेक तिथं, असा त्यांचा नेम. पूर्वी महिन्याला पत्र असायचं. ते मागं पडलं, कारण रविवारी भेट होतेच, मग पत्रात लिहायचं काय? पत्नी गेल्यापासून आठवड्यात तेवढा एकच दिवस त्यांना दिवसासारखा वाटे.

“माझ्या वर्गाचा एकच नियम होता,” सर म्हणाले. “पंच बघो न बघो, ज्याला लागला त्यानं स्वतः हात वर करायचा. ऋजुतानं तो कधी मोडला नाही. बुटाच्या लेसला चाटून गेला तरी हात वर. पण न लागता हात वर करणं, हेही खोटंच ना? म्हणून म्हटलं, यंत्राचं काहीतरी बिघडलंय.”

हा दोष छोटाच वाटत होता, पण सरांच्या बोलण्यातली खात्री हेमांगीच्या मनातून जाईना. ती पुण्याला, ‘वर्तुळ’ची यंत्रणा ज्यांनी बांधली त्या डॉ. सलील वर्टींना भेटायला गेली. तिनं पहिलाच प्रश्न केला, मंगळ इतका दूर असताना हा खेळ चालतोच कसा?

प्रश्न योग्य होता. मंगळाहून निघालेला संदेश प्रकाशाच्या वेगानं आला तरी त्याला इथं पोचायला कधी चार, कधी बावीस मिनिटं लागतात. याहून वेगानं काहीच येऊ शकत नाही. आता कल्पना करा, तुम्ही मित्राकडं चेंडू टाकला आणि तो सुटल्याचं मित्राला बारा मिनिटांनी दिसलं. त्यानं उडी मारली ती तुम्हांला आणखी बारा मिनिटांनी दिसणार. असा डाव कोण खेळेल? पण त्या मित्राबरोबर तुम्ही पाच वर्षं खेळला असाल, तर तो आधी डावीकडं झुकतो, दमला की कमरेवर हात ठेवतो, हे तुम्हांला ठाऊक असतं. डोळे मिटून तुम्ही त्याला खेळताना पाहू शकता. ‘वर्तुळ’ हेच करत असे. प्रत्येक खेळाडूच्या सवयी शिकून ते त्याची एक प्रतिमा तयार करी. तिला अंदाजछाया म्हणत. पृथ्वीवर दिसायची ती ऋजुताची छाया, मंगळावर दिसायची ती सरांची. खरी हालचाल मागाहून पोचली की छाया ती पडताळून पाही आणि चुकलेलं पुन्हा गिरवी.

“आणि खरी हालचाल पोचलीच नाही तर?” हेमांगीनं विचारलं.

“तर छाया खेळत राहते.”

“किती वेळ?”

“पूर्वी तासाभराची मर्यादा होती. मग खेळाडू पुसट व्हायचा आणि ‘संपर्क तुटला’ अशी पाटी यायची.” वर्टी जरा अवघडले. “मग तुमचं परीक्षण आलं.”

हेमांगीला ते पाठच होतं. तीन वर्षांपूर्वी तिनं लिहिलं होतं, ‘रंगात आलेला डाव तुटतो, समोरचं माणूस डोळ्यांदेखत विरून जातं, असा खेळ मुलांच्या हाती देऊ नये.’ ते फार गाजलं. कंपनीनं मर्यादा काढून टाकली. पुढच्या वर्षी हेमांगीनंच पाच तारे दिले होते.

सरांच्या लेखी परवानगीनं वर्टींनी त्यांच्या वर्तुळाची नोंद काढली. ऋजुताची खरी हालचाल शेवटची आली होती दहा महिन्यांपूर्वी. त्यानंतर एकदाही नाही.

हेमांगी दोन दिवस घुटमळली. सांगितलं नाही तर सरांचा रविवार राहील. सांगितलं तर तो जाईल, आणि त्याच्या जागी द्यायला तिच्याकडं काही नव्हतं. शेवटी ती वर्टींना घेऊन कुडाळला गेली. ज्यानं आयुष्यभर मुलांना आपला बाद आपण सांगायला शिकवलं, त्याच्यापासून हे लपवणं तिला जमेना.

सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मुलगी सुखरूप आहे ना, एवढंच आधी विचारलं. वसाहतीच्या यादीत तिचं नाव होतं, ती रोज कामावर जात होती. मग त्यांनी तारीख विचारली, आणि ती ऐकल्यावर बराच वेळ हातातल्या पट्ट्याचं बक्कल उघडत आणि लावत राहिले.

“तेव्हा माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं,” ते म्हणाले. “दोन्ही डोळ्यांचं. सहा रविवार चष्मा लावायला मनाई होती. तिला कळवलं नाही. एवढ्या लांब जीवाला घोर कशाला? वाटलं, मी दिसलो नाही तर समजेल, काही कामात असेन. पण मी दिसत होतो, नाही का?”

“हो सर,” वर्टी म्हणाले. “सहाही रविवार.”

“तिच्या शेवटच्या दिवसाची नोंद आहे?”

होती. या नोंदीत छाया दिसत नाही, तिचा आवाज तेवढा ऐकू येतो. खेळाडूचं शरीर जसं हललं तसं दिसतं, बस. वर्टींनी ती भिंतीवर लावली. करड्या, रिकाम्या खोलीत ऋजुता उभी होती. न दिसणारे चेंडू चुकवत होती. थोड्या वेळानं ती लंगडू लागली.

“पाय मुरगळलाय तिचा,” सर उठून उभे राहिले.

पण पाय मुरगळला नव्हता. ती डाव्या पायानं लंगडली, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या. दर वेळी थांबून समोर पाहत होती. लंगडणाऱ्या मुलीवर सरांनी उभ्या जन्मात चेंडू टाकला नव्हता. शिट्टी वाजवून आधी तिला बसवलं असतं. पण मंगळावरच्या त्यांच्या छायेनं हे कधी पाहिलंच नव्हतं. त्या वर्तुळात तोवर कुणी लंगडलं नव्हतं. तिला एवढंच शिकता आलं होतं की संथ पाय नेमका टिपता येतो. चेंडू येतच राहिले. ऋजुता ते चुकवत राहिली.

मग ती खोलीच्या मधोमध थांबली. “बाबा,” तिनं विचारलं, “तुम्हीच आहात ना?”

उत्तर सरांच्याच आवाजात आलं. “खेळाकडं लक्ष दे. बोलू नंतर.”

हे वाक्य छायेनं रचलेलं नव्हतं. सर दर रविवारी एकदा तरी ते म्हणत.

ऋजुतानं हळूच हात वर केला. तिला चेंडू लागला नव्हता. तशीच, हात वर ठेवून, ती आखलेल्या रेषेबाहेर गेली आणि तिनं चष्मा काढला. नोंद तिथं संपली.

इथं दिसणारी ऋजुताची छाया तिची ती अखेरची हालचालही गिरवत होती, हे वर्टींनी सांगायची गरज उरली नव्हती. न लागता वर जाणारा तो हात यंत्राला सवय वाटला होता. बापाला तो दोष वाटला होता, आणि त्यासाठी त्यानं एक तारा कापला होता.

त्याच दुपारी सरांनी पत्र लिहिलं. ऑपरेशनचं सगळं लिहिलं, लपवल्याचं लिहिलं. पत्र पोचल्याची आणि वाचल्याची खूण बावीस मिनिटांनी आली. जायला नि यायला मिळून पंधरा मिनिटं, आणि सात मिनिटं तिनं ते हातात धरलं असावं. उत्तर आलं नाही. हेमांगी म्हणाली, येईल, वेळ द्या. सर म्हणाले, दहा महिने ती वाट पाहत होती, आता माझी पाळी.

रविवारी चार वाजता ते अंगणात उभे राहिले. वर्तुळात सात नंबर होतीच, डावीकडं झुकत, हसत. तिनं मधेच हात वर केला. सरांनी चेंडू टाकला नाही. त्यांनीही हात वर केला, रेषेपासून मागं सरले आणि चष्मा काढून ठेवला. तो त्यांनी पुन्हा लावला नाही. हेमांगीनं परीक्षणात सगळं लिहिलं आणि पाचही तारे काढून घेतले. खाली शेकडो लोकांनी विचारलं, पण खेळ नीट चालतो ना?

नीटच चालत होता. पंधरा दिवसांनी त्याच वर्तुळातल्या, अकोल्याच्या एका मुलानं मत नोंदवलं: “आमच्या इथं एक आजोबा आणि एक ताई डाव चालू असताना एकमेकांकडं बघून हात वर करतात आणि निघून जातात. पुन्हा येतात, पुन्हा तेच. कुणालाच चेंडू लागलेला नसतो. खेळाची मजा जाते.”

कंपनीचं उत्तर चार दिवसांत आलं. गैरसोयीबद्दल क्षमस्व, दोष दूर केला आहे. त्या रविवारपासून दोघंही न थांबता खेळू लागले.